पिशवी उघडण्याआधीची दहा मिनिटं

"दार घासतंय, जरा रंधा मारून द्या," एवढाच निरोप होता. एकट्या राहणाऱ्या आजी. दाराचा कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीला लागत होता, तिथला रंगही खरवडला गेला होता. रंधा माझ्या पिशवीत होताच. पण दार अर्धं उघडून मूठ वर उचलून पाहिली, तर अख्खं दार हाताबरोबर वर आलं. वरची बिजागरी ढिली होती, तिचे स्क्रू भोकात नुसतेच फिरत होते. रंधा मारला असता तर त्या दिवसापुरतं घासणं थांबलं असतं, पण दार झुकतच राहिलं असतं. मग एक स्क्रू काढून त्या जागी तीन इंची लांब स्क्रू घातला. तो चौकटीमागच्या लाकडी खांबात जाऊन बसला आणि दार जागेवर आलं. बाकीच्या भोकांत गोंद लावलेल्या काड्या ठोकल्या आणि जुनेच स्क्रू पुन्हा आवळले. दाराचा एक कपचाही काढावा लागला नाही.

इथे परदेशात आल्यापासून मी लोकांची अशी पडेल ती कामं करतो. नळ, फ्लशची टाकी, दारं-खिडक्या, भिंतीतली भोकं बुजवणं, खोक्यातून आलेलं फर्निचर जोडून देणं. इतक्या लहान कामासाठी मोठा कंत्राटदार येत नाही, आणि ते राहिलं की घरातल्या माणसाला रोज टोचत राहतं. मला या कामात मनापासून रस आहे, आणि चार वर्षांत एक गोष्ट पक्की पटली आहे: हत्यारांची पिशवी उघडण्याआधी जी दहा मिनिटं आपण नुसतं बघतो, ऐकतो, हात लावून पाहतो, त्यातच अर्धी दुरुस्ती असते.

हे शिकायला मला एक पडलेली फळी लागली. विटा-सिमेंटच्या घरात वाढलेला माणूस मी. भिंत म्हणजे कुठेही ड्रिल लावा, प्लग ठोका, स्क्रू आवळा, एवढंच ठाऊक. इथली भिंत लाकडी सांगाड्याची. उभे खांब, बहुतेक ठिकाणी मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंचांवर, आणि वरून अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड. मधली जागा पोकळ किंवा उष्णतारोधक कापसासारख्या थराने भरलेली. मी एका घरी पुस्तकांची फळी नुसत्या बोर्डात प्लग घालून बसवली. चौथ्या दिवशी ती पुस्तकांसकट खाली आली. खोलीत तेव्हा कुणी नव्हतं, पण त्या घरात लहान मूल होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बोर्डाचा तुकडा बदलला, पुट्टी भरून घासली, रंग दिला आणि फळी खांबात स्क्रू मारून बसवली. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आधी बोटांनी ठोकून पाहतो. पोकळ आवाज भरीव झाला की खांब जवळ आला. मग लोहचुंबक फिरवतो. बोर्ड ज्या स्क्रूंनी खांबाला मारलेला असतो, तिथे तो चिकटतो.

लोक बिघाड सांगतात तोही नीट ऐकावा लागतो, त्यातून भाषा परकी. एका गृहस्थांची तक्रार होती की रात्री अधूनमधून कुणीतरी पाणी सोडतं. घरात ते एकटेच. मी फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाकले आणि फ्लश न करता वीस मिनिटं थांबलो. भांड्यात रंग उतरला. टाकीच्या तळाची रबरी झडप कडक झाली होती. पाणी झिरपून पातळी उतरली की टाकी आपोआप भरायला लागायची. तोच त्यांना ऐकू यायचा तो आवाज. झडप बदलली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

बाथटबच्या कडेचं सिलिकॉन पुन्हापुन्हा फाटतं, हेही नेहमीचं. जुनं पूर्ण खरवडून काढल्याशिवाय त्यावर नवं धरत नाही. आणि नवं भरण्याआधी टब पाण्याने भरून घ्यावा. वजनाने तो किंचित खाली बसतो, फट पूर्ण उघडते. सिलिकॉन सुकेपर्यंत, साधारण एक दिवस, पाणी तसंच ठेवायचं. रिकाम्या टबवर भरलं तर पहिल्याच आंघोळीला ताण येतो.

गॅसच्या नळीला आणि विजेच्या मुख्य पेटीला मात्र मी हात लावत नाही. ते परवानाधारकाचं काम. नाही म्हणताना समोरच्याचा चेहरा पडतो, वाईट वाटतं, तरी नाहीच म्हणतो.

दाराच्या त्या आजींचा गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. यावेळी फळी बसवायची होती. भिंतीवर पेन्सिलच्या तीन फुल्या होत्या, यजमानांनी आजारपणाआधी केलेल्या. "त्यांना जमलं असेल का, बघा," म्हणाल्या. मी ठोकून पाहिलं, चुंबक फिरवला, मग टेप लावला. तिन्ही फुल्या बरोबर 16-16 इंचांवर होत्या. पहिल्या फुलीवर ड्रिल धरलं. बोर्डाची पांढरी भुकटी पडली आणि पाठोपाठ लाकडाचा पिवळसर भुसा यायला लागला. तो मी तळहातावर घेऊन आजींना दाखवला.