एकाच रविवारी हॉल पण आणि ग्राउंड पण

मी पुण्यात एका संस्थेसाठी महापालिका शाळांतल्या पोरापोरींना अल्टिमेट फ्रिसबी शिकवते, म्हणजे प्लास्टिकची चपटी डिस्क आपल्या टीममध्ये एकमेकांकडे फेकत न्यायची आणि मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की पॉइंट. खरं सांगायचं तर शिकवणं त्यातलं थोडंच, बाकी सगळा वेळ ग्राउंड मिळवणं, मेसेज टाकणं, किती जण येतायत ते मोजणं आणि जून लागला की आभाळाकडे बघत बसणं.

जुलैतला एक रविवार अजून डोक्यातून जात नाही. रात्रभर पाऊस, पहाटे साडेपाचला ग्राउंडवरच्या काकांचा फोन, ताई आज नाय जमणार, मधे तळं झालंय. आता 26 पोरांना कळवायचं कसं, निम्म्यांचे निरोप आईवडिलांच्या फोनवर जातात आणि ती माणसं रविवारी झोपलेली असतात, म्हणजे मी रद्द केलं तरी पोरं भिजत येणारच. म्हणून ग्राउंडशेजारच्याच बॅडमिंटन हॉलला फोन लावला, 9 ते 11 मिळाला, अट एकच, बाहेरचे बूट आत चालणार नाहीत. मग सगळे अनवाणी.

अल्टिमेट बाहेर सात-सात जणांत खेळतात, मैदान 100 मीटर लांब आणि 37 रुंद. आत पाच-पाच, आणि आमच्याकडे होती चार बॅडमिंटन कोर्ट एकाला लागून एक. नेट काढली, कोन ठेवले, भिंतीपासून दोन मोठी पावलं जागा सोडली, डाइव्ह मारायची नाही हे तीनदा बजावलं कारण त्या फरशीवर गुडघा सोलतोच. डिस्क छताला लागली की आउट. आणि हातात डिस्क असलेल्याला ती फेकायला बाहेर 10 मोजेपर्यंत वेळ असतो तो आत 8. ऐकायला दोनच आकडे कमी, पण खेळ पार बदलतो.

आठवीतली एक मुलगी आहे, बाहेर डिस्क हातात आली की सगळ्यात जवळच्याला देऊन मोकळी होणार. त्या दिवशी हॉलमध्ये ती वेगळीच होती. बॅकहँडची, म्हणजे हात अंगापलीकडे नेऊन फेकायची हूल, लगेच खालून फोरहँड, म्हणजे हाताच्याच बाजूने मनगटाच्या झटक्याने, समोरच्याच्या हाताखालून डिस्क सुळकन जायची, सात पॉइंट तिच्या थ्रोवर झाले. आणि आमचा सगळ्यात लांब फेकणारा मुलगा, त्याचे थ्रो भिंतीवर आपटत होते. एकदा त्याचा धक्का लागला, कोणी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच हात वर करून फाउल सांगितला. आपल्या खेळात रेफरी नसतो, पोरं आपसात मिटवतात, मी अशा वेळी मुद्दाम गप्प बसते.

11 ला बाहेर आलो तर पाऊस थांबलेला, पोरं घरी जायला तयार नाहीत. ग्राउंडच्या वरच्या अंगाला तळं नव्हतं, काकांना विनवलं, त्यांनी अर्धा तास दिला. त्याच टीम, फक्त दोन-दोन जण वाढवले.

पश्चिमेचा वारा जोरात होता. त्या आठवीतल्या मुलीने तोच फोरहँड सोडला, डिस्कने नाक वर केलं, वाऱ्याने खालून उचलली आणि उलटी तिच्याच डोक्यावरून मागे. तीनदा असंच. 175 ग्रॅमची डिस्क, तिची पुढची कड जराशी उचलली गेली की समोरचा वारा तिला सोडत नाही, हॉलमध्ये हे कळायचा मार्गच नाही, तिथे वारा नसल्याने वाकडा थ्रो पण पोचतो. तिचे डोळे भरले होते, मी पुढे जाणार तेवढ्यात तोच लांब फेकणारा मुलगा तिच्याजवळ गेला, म्हणाला कड खाली दाब, मनगट जोरात फिरव, उंच नको. चौथा थ्रो गुडघ्याएवढ्या उंचीवरून सरळ गेला, पकडणारी चिखलात बसली पण डिस्क सोडली नाही.

घरी निघताना तो तिला विचारत होता, ती हूल कशी देतेस, मी फसलो दोनदा.

तोपर्यंत मला हॉल म्हणजे पावसामुळे करावी लागणारी तडजोड वाटायची, माझं चुकत होतं. लांब फेकणाऱ्यांना आत कोंडल्याशिवाय ते पटकन पास द्यायला शिकत नाहीत आणि जवळ खेळणाऱ्यांना वारा दाखवल्याशिवाय त्यांचा थ्रो पक्का होत नाही. सोमवारी बजेटमध्ये महिन्याला दोन वेळा हॉल लिहिला, वर्षभर. ऑफिसात विचारलं, जानेवारीत कशाला, तेव्हा पाऊस कुठे असतो? मग त्यांना हेच सगळं बसून सांगितलं.