ज्वारी-गुळाचं पातेलं

मृग लागून चार दिवस झाले होते. परभणीजवळच्या एका गावातून फोन आला: वरातीची घोडी बंद पडलेल्या वीटभट्टीवर बांधून मालक निघून गेलाय. लग्नसराई सरली की घोडीची कमाई थांबते, पोट थोडंच थांबतं.

मी पोचले तेव्हा शेजारच्या शेतवस्तीवरच्या, आखाड्यावरच्या मावशी भिजवलेल्या ज्वारी-गुळाचं पातेलं घेऊन घोडीकडे निघाल्या होत्या. धावत जाऊन मी पातेलं धरलं.

"भुकेल्या जित्राबाच्या तोंडचा घास काढता व्हय ताई?" त्यांचा आवाज कापत होता.

मी पशुवैद्य नसते तर मीही तेच पातेलं आणलं असतं. पण बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्याच्या पोटात एकदम धान्य-गूळ गेला की इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये खेचलं जातं. हृदय आणि श्वासाचे स्नायू थकतात. आज तरतरीत दिसलेलं जनावर तीन-चार दिवसांनी कोसळतं. मावशींजवळ मातीत बसून हे सगळं सांगितलं. त्यांनी पातेल्यावर पदर टाकला.

छातीचा घेर 130 सें.मी., लांबी 125. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880. वजन भरलं 178 किलो. तिच्या अंगकाठीला अडीचशेच्या वर हवं होतं. खूर मोजडीसारखे वर वळलेले, ओठांच्या कडांना लगामाचे व्रण. आयाळीत मात्र कुठल्याशा वरातीची जरतार अजून गुंतलेली होती. ती सोडवताना माझा हात थरथरला.

पंचनामा झाला, मालकानं 'मला नको' म्हणून लिहून दिलं. घोडी मावशींनीच ठेवून घेतली. वाळवलेला लसूणघास, दर चार तासांनी, पाव किलो तोलून. रात्री दोनलाही. दहा दिवस दाण्याला हात नाही. मग घास हळूहळू वाढवला, धनुर्वाताची लस, दातांची कानस, नालबंदाकडून दर महिन्याला थोडे थोडे खूर. एकदम कापले असते तर पाय धरले असते.

दिवाळीनंतर वरातवाल्या एकानं चांगली रक्कम देऊ केली. मी नाही म्हटलं. एका धनगर कुटुंबाला बिऱ्हाडासाठी घोडी हवी होती. आधी त्यांच्या तळावर जाऊन त्यांच्या दोन घोड्यांच्या पाठी चाचपल्या: एकही जखम नव्हती. पहिलं वर्षभर पाठीवर ओझं नाही, एवढीच अट घातली.

निरोपाच्या सकाळी वजन 251 भरलं. मावशी तिच्या पायाशी बसल्या, खुरावर मधोमध उमटलेल्या आडव्या वळीवरून बोट फिरवत. "हे काय हाय?"

"उपाशी दिवसांची खूण. वरच्या कडेला उमटली होती, खूर वाढेल तशी खाली सरकतेय."

"कधी जाईल?"

"मृगापर्यंत. नालबंदाच्या कानशीखाली."

मावशींनी तिथंच बसून धनगराच्या कारभारणीला बोलावलं आणि तिलाही ती वळी दाखवली.