मंजूर, भरलेली, रिक्त

गुरुवार, 24 जुलै 2025. दिव्याची अवस.

अख्खा दिवस आकृतीबंधाच्या, म्हणजे कार्यालयात कोणती आणि किती पदं असावीत त्या आराखड्याच्या, विवरणपत्रात गेला. राज्य सरकारच्या 150 दिवसांच्या कार्यक्रमात ‘सेवाकर्मी’ म्हणून एक भाग आहे. सुधारित आकृतीबंध, सेवाप्रवेश नियम, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता), अनुकंपा, वर आयगॉट कर्मयोगी या सरकारी पोर्टलवरचं ऑनलाइन प्रशिक्षण. 2 ऑक्टोबरची मुदत. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून आमच्या तहसील कार्यालयाला, आणि आस्थापना, म्हणजे कर्मचाऱ्यांचं टेबल, माझ्याकडे म्हणून शेवटी माझ्या टेबलावर. पत्रावर ‘तात्काळ’, ‘कालमर्यादा’ आणि ‘सर्वोच्च प्राधान्य’ असे तिन्ही शिक्के. एवढे शिक्के असले की पत्र दोन दिवस कुठेतरी पडून होतं, हे समजून घ्यायचं.

विवरणपत्र साधंच. संवर्ग, मंजूर पदं, भरलेली, रिक्त, केव्हापासून रिक्त, आणि शेवटी पदाची आवश्यकता व समर्थन. महसूल सहायकांच्या ओळीवर हात अडला. त्यातलं एक पद कुळकायद्याचं, म्हणजे कुळांच्या जमिनींच्या प्रकरणांचं. मी इथे रुजू झाल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलेलं पाहिलेलं नाही. आधी अतिरिक्त कार्यभार एका भाऊसाहेबांकडे होता, ते निवृत्त झाले तेव्हा माझ्याकडे आला. आदेशात ‘पुढील आदेशापर्यंत’ असं आहे. पुढील आदेश अजून यायचाय. कलम 43 ची प्रकरणं येतात, 70 ब च्या तारखा लागतात, 84 क च्या नोटिसा निघतात. पक्षकाराला कुठलं माहीत, की ज्या टेबलासमोर तो उभा आहे ते कागदावर रिकामं आहे.

आता इतका काळ पद रिक्त आहे आणि काम तर चाललंय, मग पद हवं कशाला, असा प्रश्न वर बसलेला कोणीही विचारणार. आकृतीबंध मंजूर करणाऱ्या उच्चस्तरीय सचिव समितीपुढे आमचे चेहरे जात नाहीत, तक्ता जातो. रविवारी येऊन काढलेले गठ्ठे त्या तक्त्यात दिसत नाहीत. काम अडू दिलं नाही, हाच आमच्याविरुद्धचा पुरावा. तेव्हाच अडू दिलं असतं तर आज समर्थनाला मजकूर मिळाला असता. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण खरं आहे.

मी सुधारणेच्या विरोधात आहे असं संघटनेतल्या काहींना वाटलं तर त्यांना बरंच वाटेल. पण नाही. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सहा गठ्ठे पद्धत शिकले. तेव्हाच्या अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना साहेबांनी ऐंशीच्या दशकात बसवलेली. प्रलंबित वेगळं, प्रतीक्षाधीन वेगळं, स्थायी आदेशांची संचिका वेगळी. आजही कोणतं प्रकरण कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगते, ते त्या शिस्तीमुळे. पुढे पुणे विभागात चंद्रकांत दळवी साहेब आयुक्त असताना झिरो पेंडन्सी, म्हणजे प्रलंबित प्रकरणं शून्यावर आणायची मोहीम, आली. कुरकुर सगळ्यांनी केली, कपाटं मात्र रिकामी झाली. ई-ऑफिस आल्यावर फाइल कोणाच्या लॉगिनला किती दिवस थांबली ते दिसतं, आणि ज्यांची थांबते त्यांनाच ते बोचतं. या सगळ्या सुधारणांनी आधी काम कसं चालतं ते पाहिलं, मग बदललं. यावेळी सुरुवातच मोजणीपासून आहे, आणि मोजणी माणसांची.

वयाच्या पन्नास-पंचावन्नला नोकरीत ठेवायचं की घरी पाठवायचं, त्या पुनर्विलोकनाचंही तेच. तो नियम काही आजचा नाही. ज्याला घरी पाठवावं असे एक-दोन जण प्रत्येक कार्यालयात असतात, आमच्याकडेही आहेत, नाव घेत नाही. पण पुनर्विलोकन होतं ते गोपनीय अहवालांवर, आणि अहवाल लिहिणारे साहेब तीन वर्षांत बदलून जातात. ज्याच्याकडे तीन टेबलं, त्याच्या चुका तिप्पट. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा अहवाल स्वच्छ.

आयगॉटबद्दल एवढंच, की आज शेजारच्या टेबलावर वेळ व्यवस्थापनाचा कोर्स आवाज बंद करून चालू होता आणि कोर्स करणारे भाऊसाहेब निराधार योजनेच्या अर्जांची छाननी करत होते. प्रमाणपत्र आलं.

जेवणाच्या सुट्टीत आमचा डेटा एंट्रीचा मुलगा आला. एजन्सीमार्फत आहे. निराधारचं पोर्टल, आधार जोडणी, हयातीचे दाखले, सगळं तोच बघतो. म्हाताऱ्यांचे अंगठे मशीन घेत नाही तेव्हा सगळ्या आज्या त्यालाच शोधतात. म्हणाला, “मॅडम, या आकृतीबंधात आमचं काय?”

मी विवरणपत्र उलटून पाहिलं. त्याच्यासाठी रकाना नाही. नुसती तळाशी ‘बाह्यस्त्रोताद्वारे’ अशी एक ओळ, तिच्यात आकडा भरायचा. त्याला सेवापुस्तक नाही, एजन्सी बदलली की पुन्हा नवीन. त्याच्या हातून चूक झाली तर खुलासा माझ्याकडून मागतात, कारण सही माझी. 6 सप्टेंबर 2023 चा नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला तेव्हा केवढा गदारोळ झाला! महिना-दीड महिन्यात रद्द झाला, आम्ही पेढे वाटले. त्या दिवशीही हा मुलगा पोर्टलवर बसलेला होता आणि आजही आहे. निर्णय रद्द झाला, गरज कुठे रद्द झाली? मंजूर पद न भरता ठेवलं की ती गरज कुठल्या ना कुठल्या एजन्सीकडूनच भागवावी लागते.

माझं स्वतःचं काय होईल याची फार धाकधूक नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेली मी, म्हणजे जुनी पेन्शन नाही, त्यामुळे मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ओरडताना घसा बसला होता. ती लढाई वेगळी, आणि अठ्ठावन्नला निवृत्त व्हायला अजून अवकाश आहे. भीती वाटते लेकाची. सकाळी सहाला अभ्यासिकेत जातो, लोकसेवा आयोगाच्या गट क ची तयारी. तो ज्या जागेसाठी टंकलेखन शिकतोय ती जागा आज दुपारी माझ्या स्क्रीनवर होती, समर्थनाविना. त्याला सांगितलं नाही.

चार वाजता नायब तहसीलदार साहेबांना म्हटलं, रकान्यात मावत नाही, स्वतंत्र टिपणी जोडते. ते म्हणाले, “मॅडम, नेहमीचं लिहा, वर कोण वाचतंय?” तरी लिहिली. कोणत्या रिक्त पदाचं काम कोण करतं, कोणत्या आदेशानं करतं, वर्षात किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, लोकसेवा हक्क कायद्यातली मुदत कुठे चुकली आणि त्या दिवशी त्या माणसाकडे आणखी काय काय होतं. एजन्सीच्या मुलाचं कामही पदनिहाय मांडलं, नाव न घेता. तीन पानं झाली.

तहसीलदार साहेब उद्या सही करतील. टिपणी काढा म्हणाले तर काढेन, पण तसा शेरा त्यांनी ई-ऑफिसवर त्यांच्या लॉगिनमधून द्यावा, एवढं मी सांगणार आहे.