बुद्धिबळाचं इंजिन: पटाने प्याद्याची चौकशी थांबवली

या खेपेला नवीन फीचर नाही, पण ‘पट’ क्लासमधली सगळ्यात घाण मेथड एकदाची गेली. (पीएचपीत क्लास, मेथडची नावं देवनागरीत चालतात, म्हणून हौसेने तशीच ठेवली आहेत.) ‘चाल_कर’ला यायचा ‘मोहरा’, आणि आत इन्स्टन्सऑफची (ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा, हे विचारण्याची) उतरंड: राजा असेल तर कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल), प्यादं असेल तर आणखी काही. एका ठिकाणी तर तेही न विचारता, शेवटच्या ओळीत पोचलेल्या मोहऱ्यावर थेट ‘बढती’ (प्याद्याचा वजीर वगैरे करणारी, फक्त प्याद्यात असलेली मेथड). प्यादं असेपर्यंत पीएचपी चकार शब्द काढत नाही. हत्ती तिथे पोचला की फेटल एरर. पीएचपीस्टॅन (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) हे तपासणीच्या लेव्हल २ला पकडतं.

‘बढती’ पॅरेंट क्लासमध्ये रिकामी टाकली असती तर एरर गेला असता. पण मग उंटालाही बढती, निदान कागदोपत्री. नको.

त्यापेक्षा चालीलाच ऑब्जेक्ट केलं. मोहरा फक्त आपल्या ‘चाली’ देतो. ‘चाल’ या इंटरफेसमध्ये ‘लागू_कर’ ही एकच मेथड. साधी चाल, बढती, कॅसलिंग, आँ पासाँ (नुकतंच दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने तिरपं जाऊन मारणं) असे चार क्लास. पांढरं प्यादं ई५वरून डी६ला गेलं की उचलायचं काळं प्यादं डी५वर असतं, हे आता फक्त आँ पासाँच्या क्लासला माहीत. पट नुसतं ‘लागू_कर’ म्हणतो.

राजातलं ‘हललाय_का’ही काढलं. एफईएनमध्ये (पटाची स्थिती एका ओळीत लिहायची पद्धत) कॅसलिंगचा हक्क आणि आँ पासाँचं घर मोहऱ्यांच्या मांडणीपासून वेगळ्या रकान्यांत असतात. तसंच ‘स्थिती’ क्लासात ठेवलं.

पर्फ्ट (ठराविक खोलीपर्यंतच्या सगळ्या चाली मोजून माहीत असलेल्या आकड्यांशी ताडायची चाचणी): सुरुवातीच्या मांडणीवर चौथ्या प्लायला (प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल) १,९७,२८१ जुळले, पण तोवर या तीन खास चालींपैकी एकही येत नाही, त्यामुळे त्या हिरव्या टिकेला अर्थ नाही. खरी परीक्षा किवीपीट या चाचणीसाठीच्या मांडणीवर: पहिल्या तीन प्लायला ४८, २,०३९, ९७,८६२ जुळले. बढत्या तिथे चौथ्या प्लायला सुरू होतात, ४०,८५,६०३ही जुळले.

एक इन्स्टन्सऑफ मुद्दाम ठेवलंय, अपुऱ्या मोहऱ्यांमुळे होणाऱ्या बरोबरीच्या तपासणीत. तिथे प्रश्नच ‘कोणता मोहरा’ हा आहे. फार तर पीएचपी ८.१चा एनम (ठरलेल्या पर्यायांचा प्रकार) वापरेन.

आता चाल मागे घेण्यावर घोडं अडलंय: ‘मागे_घे’ याच इंटरफेसमध्ये घालायचं, की दर वेळी ‘स्थिती’ क्लोन करायची? क्लोनने कोड सुटसुटीत राहतो, पण पर्फ्ट फारच रेंगाळतं. तुम्ही काय केलंत?