बोडीला कुंपण घातलं तेव्हापासून

भिवापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात आजोबांच्या काळची बोडी, म्हणजे छोटं तळं आहे, अर्ध्या एकराचं. वर मिरची, खाली धान. पावसाने ओढ दिली की धान तिच्याच पाण्यावर तरतं. 2021 च्या मे महिन्यात मी जेसीबी लावून तिचा गाळ उपसला. गाळ शेतात पसरला, तो फायद्याचाच झाला. पण मशीनवाल्याला मी 'सगळं साफ करा' म्हणालो होतो. त्याने काठचं गवत, उथळ भाग, पाणवनस्पती सगळं खरवडलं आणि चारही बाजू उभ्या कापल्या. ही चूक माझी.

पहिल्याच पावसात कडा ढासळल्या. पाणी चहासारखं झालं ते नितळेचना. बाटलीत भरून ठेवलं, तर आठवडा उलटूनही गढूळच. काळ्या मातीचे कण फार बारीक, एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. दुसऱ्या बाटलीत चिमूटभर जिप्सम टाकलं तेव्हा वरचं पाणी साफ झालं. पण वरून माती येतच राहिली तर जिप्सम तरी किती वर्षं टाकायचं?

पुढच्या वर्षी पाण्यावर हिरवी साय धरली. सप्टेंबरात तीन दिवस आभाळ भरून होतं, आणि चौथ्या पहाटे रोहू-कटला तोंड वर काढून हवा गिळताना दिसले. उन्हं येईपर्यंत कितीतरी उलटे तरंगत होते. मला रडू आलं. शेजारच्या गावचे एक ढिवर काका, मासेमार समाजातले, बघायला आले. म्हणाले, "बाबू, ढोरं आत उतरतेत, हागतेत, मुततेत. तेच खाऊन हे हिरवं वाढते. अन् तुह्या बोडीत ना चिला, ना देवधान. मासोईनं राहावं कुठं?"

चिला म्हणजे पाण्याखाली वाढणारी वनस्पती, देवधान म्हणजे पाण्यातला जंगली भात. नंतर वाचलं तेव्हा त्यांचं म्हणणं नेमकं कळलं. शेणामुतातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाला पोसतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच ओढून घेतं. आभाळ असलं की दिवसाची भरपाईही होत नाही, म्हणून मासे पहाटे तडफडतात. त्यातलं निळं-हिरवं शेवाळ कधी कधी इतकं विषारी असतं की ते पाणी पिऊन जनावर दगावतं.

कुंपणाचा विषय काढला तर घरातच वाद झाला. आमचे मोठे काका म्हणाले, "बाप्पा, ढोरांनं पाणी प्यावं कुठं?" प्रश्न रास्त होता. म्हणून आधी पाळीखाली, म्हणजे बोडीच्या बांधाखाली, सिमेंटचा हौद बांधला, बोडीतून पाळीवरून पाईप टाकून त्यात पाणी आणलं, तोंडाशी फ्लोटची तोटी बसवली. म्हशी दोन दिवस जुन्या वाटेला रेटत राहिल्या, मग हौदावर रुळल्या. त्यानंतरच तारा ओढल्या. खालची तार वीतभर उंच ठेवली, ससा-मुंगूस जावेत म्हणून. प्लास्टिकच्या शेततळ्यात घसरून पडलेलं जनावर मी पाहिलं आहे. ज्यांच्याकडे तसं तळं आहे त्यांनी निदान जनावराला चढून यायला काथ्याचा जाड दोर तरी आत सोडावा.

वरून पाणी शिरतं तिथे एक खड्डा घेतला, पुढे वाळ्याच्या तीन ओळी लावल्या. माती तिथेच अडते. खड्डा दर उन्हाळ्यात उपसायचा. एका बाजूची उभी कड पसरून उतार केला. पाळीवर उगवलेली बाभळीची रोपं मात्र काढली, कारण मुळांमुळे पाळ झिरपते. ढिवर काकांनी मामा तलावातून, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातून, चिला, देवधान आणि कुमुदिनीचे कंद आणून दिले. पैसे घेतले नाहीत, फक्त मरळ माशाचं बियाणं सोडायला सांगितलं.

पहिलं वर्ष काहीच दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी इतकं नितळ झालं की उथळ काठाला तळातला चिला दिसू लागला. टिबुकली आली, मग अडई बदकांचा थवा.

यंदा ऑगस्टात कुमुदिनीच्या पानांवर कमळपक्ष्याने अंडी घातली, चार. त्यांच्यात नर अंडी उबवतो. नेमका तेव्हाच पाऊस ताणला आणि धानाच्या बांध्यांना बोडीचं पाणी हवं होतं. बोडी भराभर उतरली असती तर पानं चिखलावर बसली असती, आणि मग कोल्ह्याला वाट मोकळी. मोठे काका सकाळी गेले आणि धानाकडे जाणाऱ्या पाईपाचा वॉल्व अर्धा आवळून आले. म्हणाले, "धानाले चार दिवस जास्त लागतीन, लागू दे."