भाडं हप्ता उचलेल का, हे आधी काढा

भाड्याने द्यायला घर घेताना बरेच जण वर्षाच्या भाड्याला किमतीने भागतात आणि येतील त्या टक्क्यांवर निर्णय घेतात. त्या हिशोबात घर बाराही महिने भरलेलं असतं आणि कधी काही बिघडत नाही. बघायचं ते निव्वळ भाडं, म्हणजे रिकामे महिने आणि खर्च वजा जाऊन हातात उरणारं.

घराची किंमत 100 धरू. नोंदणी, कर, वकील यांचे 7, राहण्याजोगं करायला 3. घर पडलं 110 ला. महिन्याचं भाडं 0.7, म्हणजे वर्षाचं 8.4. एक महिना रिकामा गेला की 7.7. मालमत्ता कर, विमा, देखभाल आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला काढायची रक्कम मिळून 2.5 गेले की हातात उरतात 5.2. सव्वाआठच्या वर वाटलेलं घर प्रत्यक्षात 4.7 टक्केच देतं. यात घराचा भाव वाढेल हे मुद्दाम धरलेलं नाही. ती वाढ हप्ता भरायला येत नाही.

आता 75 चं कर्ज घ्या, 6 टक्क्यांनी, 30 वर्षांचं. वर्षाचे हप्ते 5.4. भाड्यातून आले 5.2, म्हणजे 0.2 दरवर्षी पदरचे. कर्जाने परतावा वाढतो हे सरसकट खरं नाही. घर 4.7 टक्के कमावत असताना पैसा 6 टक्क्यांनी उचलला, तर कर्ज जितकं मोठं तितका परतावा कमी. हप्त्यातलं मुद्दल आपलंच असतं, पण पहिल्या वर्षी ते जेमतेम 0.9 भरतं. तेही जमेस धरलं तरी स्वतःच्या 35 वर सुटतात 2 टक्के.

म्हणून हिशोब उलटा करावा. निव्वळ भाडं वर्षाच्या हप्त्यांच्या निदान सव्वापट हवं. 5.2 ला 1.25 ने भागलं की 4.16 येतात, आणि तेवढ्यात साधारण 58 चं कर्ज फिटतं. बँक 75 द्यायला तयार असली तरी या घराला झेपतात 58. कर्जाचा दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता असेल आणि तो 7 वर गेला तर 58 चे हप्ते 4.6 होतील, तरी भाडं पुरेल. 75 चे मात्र 6 होतील. बाकीची रक्कम स्वतःची घालायची, नाहीतर किंमत खाली आणायची.

सगळं उभं आहे ते 0.7 या आकड्यावर. विकणाऱ्याच्या तोंडी भाड्यावर विसंबू नका. भाडेकरार आणि गेल्या बारा महिन्यांच्या बँकेतल्या जमा नोंदी मागा. डिपॉझिट भाडेकरूला कोण परत करणार, हेही कराराआधी लिहून घ्या.

देखभालीचा अंदाज बसून करू नये. खोलीतल्या एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिच्या पलीकडे बाथरूम आहे का बघा. खालच्या मजल्यावर जाऊन छताला ओल आहे का तेही पाहा. सगळे नळ बंद करून पंधरा मिनिटं पाण्याच्या मीटरवर नजर ठेवा. काटा सरकला तर कुठेतरी गळतंय. ती पाइपलाइन बदलायचा खर्च प्लंबरकडून लेखी घ्या आणि किमतीची बोलणी त्यानंतरच करा.