गॅरार्ड ३०१, चोकवाली ट्यूब आणि आईचा कान

आधीच सांगून ठेवतो, मला गाण्यातलं फार काय कळत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे, दिवसभर मायक्रोमीटर आणि डायल गेज घेऊन शाफ्ट मापायचे, बुश मापायचे. गॅरार्ड ३०१ म्हणजे रेकॉर्ड फिरवायचा जुना टर्नटेबल, लोक तो आवाजासाठी शोधतात, मी शोधत होतो बेअरिंगसाठी. हसा खुशाल.

इंग्लंडात स्विंडन म्हणून गाव आहे, तिथं १९५४ पासून हा टर्नटेबल बनायला लागला आणि १९६५ ला पुढचं मॉडेल ४०१ आलं तोवर चालला. रेडिओ स्टेशनसारख्या ठिकाणी दिवसभर फिरत राहावा म्हणून केलेलं यंत्र. बेल्ट नाहीच. मोटरच्या पुलीला एक रबरी चाक टेकतं, तेच चाक प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या जड तबकडीच्या, आतल्या कडेला टेकून त्याला फिरवतं, संपलं. पुलीला पायऱ्या आहेत, चाक ज्या पायरीवर बसेल तो स्पीड, मिनिटाला ३३, ४५ नाहीतर ७८ फेरे. आणि स्पीड बारीक कमीजास्त करायला वर एक नॉब, त्यानं आतल्या फिरत्या चकतीला चुंबकाचा ब्रेक लागतो, कुठं घासत नाही काय नाही. घरी जुना चकतीवाला लाइटचा मीटर होता बघा, त्यातपण असाच चुंबक असायचा. मला हे कळलं तेव्हा रात्री झोप नाही लागली, खरंच.

तर मागच्या दिवाळीनंतर एक दोस्त निपाणीला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या जुन्या वाड्यात वायरिंगच्या कामाला गेला होता, त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, "हे काय हाय बघ की, भंगारात घालूलेत." माळ्यावरची धूळ, वर उंदरांनी कुरतडलेलं पोतं, पण त्या खालची ती प्लेट मी झोपेतपण ओळखली असती. हाफ डे टाकून बस धरली.

त्या घरच्या काकू दोन हजार म्हणाल्या. मी पाच मिनिटं गप्प बसलो आणि मग सांगून टाकलं की काकू, बाहेर हे लाखाच्या घरात जातं, माझ्याकडं तेवढे नाहीत. त्यांनी चहा ठेवला. शेवटी चाळीस हजारावर मिटलं (माझी जुनी स्प्लेंडर गेली त्यात) आणि वर एक अट, चालू झालं की एकदा आणून ऐकवायचं, सासऱ्यांचं होतं ते. येताना प्लॅटर काढून चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि खालचं धूड पायाशी, कंडक्टर म्हणाला काय हो, कुकर काय?

माझा ग्रीस बेअरिंगवाला निघाला, म्हणजे सुरुवातीच्या काळातला, नंतरचे ऑइलवाले. ग्रीसची पार ढेप झाली होती. थिनरनं धुतलं, पुसलं आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतनं स्पिंडल, म्हणजे प्लॅटर ज्यावर फिरतो तो मधला दांडा, कामावर नेऊन मापला. सांगण्यासारखी झीज नाही. आमचा टर्नर, ज्याला कुणाचंच काम आवडत नाही, तो स्पिंडल बोटात फिरवत म्हणाला, "ह्यो करणारा माणूस होता." रबरी चाकाला मात्र एका जागी सपाट खड्डा होता, कुणीतरी स्पीडचा खटका तसाच टाकून वर्षानुवर्षं ठेवलेलं, त्यामुळं फिरताना धप धप. त्या टर्नरनंच लेथला धरून पॉलिश पेपरनं गोल करून दिलं, चहावर.

खालच्या पेटीला खानापूरच्या एका पाडलेल्या घराची सागवानी चौकट आणि तळाला किचन ओट्याचा उरलेला कडप्पा. आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, ३०१ बरोबर येतच नाही, आपला आपण बसवायचा, तो मुंबईहून सेकंडहँड आणला, आणि ७८ साठी वेगळी सुई, कारण लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते, एलपीची सुई घातली की ती तळाला खरडत जाते. बिलाचं बोलायला नको.

रेकॉर्डी आईच्या माहेरच्या, धारवाडच्या, ट्रंक भरून. आई पेटी वाजवते, म्हणजे लग्नाआधी शिकलेली. पहिली लावली ती गंगूबाई हनगलांची, लेबलवर तेव्हाचं नाव, गांधारी, हुबळी. अर्धा मिनिट झाला नाही तोवर आई आतनं आली. "काय करूलास रे? जोरात फिरूलाय ते. गंगूबाईंचा आवाज असला बारीक कुठं होता?"

आता मी क्वालिटीतला माणूस, मला कोण सांगणार. स्ट्रोबची चकती ठेवली, ७८ ला ७७ रेघा असतात, ५० सायकलच्या लाइटखाली स्पीड बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. पण दिसेचनात! सगळ्या घरात एलईडी, ते तसे लपलपत नाहीत. मग गच्चीवर टाकलेली चोकवाली जुनी ट्यूब काढून आणली, स्टार्टर बदलला, लावली, आणि रेघा एकदम उभ्या. म्हटलं बघ, बरोबर आहे. नंतर वाचलं तर गंगूबाईंचा आवाज तरुणपणी खरंच बारीक होता, टॉन्सिलच्या दुखण्यानंतर, उपचारानंतर तो तसा भारदस्त झाला. आईला सांगितलं, ती म्हणाली असेल, आणि परत तीच बाजू लावायला लावली. तीन वेळा.

पण मी जिंकलो म्हणावं तर तीनचार दिवसांनी संध्याकाळी तीच रेकॉर्ड, आणि आई भाकरी थापता थापता, "आज उतरलीय." मी म्हटलं काहीतरीच काय. तरी ट्यूब लावली. रेघा हळूहळू मागं सरकत होत्या. मल्टीमीटर लावला तर १९० व्होल्ट, गल्लीत सगळ्यांचे पंप चालू. मला अक्षरशः काय फरक ऐकू आला नव्हता, तिनं स्वयंपाकघरातनं, तवा गरम असताना ओळखलं. नॉब फिरवून रेघा थांबवल्या. "हां," आतनं एवढंच.

स्टॅबिलायझर घेतलाय आता. येत्या रविवारी दोस्ताची ओमनी ठरवलीय निपाणीला, गॅरार्ड, ॲम्प्लिफायर, स्टॅबिलायझर, आणि फुटू नये म्हणून गादीत गुंडाळून ती ट्यूबपण. आई म्हणाली मी येते, ट्यूब कशाला?